हिंदुराव सगळ्यांना उत्तरं देतात

आधीच सांगून टाकतो, हिंदुराव शेलारांच्या नावाने माझ्या पोटात दुखतं. उगाच मागाहून कुणी म्हणायला नको की शरदचंद्राने मनात आकस ठेवून लिहिलं. आकस आहेच. तो ठेवूनच लिहितोय.

एकोणीस वर्षं आमची भिंत एकच आहे. अंबरनाथच्या एमआयडीसीत माझा गाळा, पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा, आणि त्याला लागून त्यांचा. ते खुर्च्या-टेबलांच्या पायांना घालायचे रबरी बूट बनवतात. खुर्ची सरकवली की फरशीवर जो करकर आवाज होतो तो होऊ नये म्हणून घालतात ते. रबर दाबायचा एक प्रेस, एक पंखा, बदलापूरच्या बेलवलीहून स्कूटरवर येणारे हिंदुराव, आणि रबराच्या कडा कापून चहा करणाऱ्या विठाबाई. एवढाच त्यांचा उद्योगसमूह.

तर या उद्योगसमूहाकडे एकोणीस वर्षांत सदतीस संशोधक येऊन गेले. उद्योजकता, नवउद्योग, जागतिक व्यापार असल्या विषयांवर अभ्यास करणारे. एमबीएवाले, एमफिलवाले, पीएचडीवाले. एक तर थेट डेन्मार्कहून आलेली गोरी बाई. तिने विठाबाईंच्या हातची बोंबलाची चटणी खाल्ली आणि डोळे पुसत पुसत जोखीम घेण्याच्या वृत्तीबद्दल प्रश्न विचारले. माझ्याकडे एकच संशोधक आला. त्याला हिंदुरावांचा गाळा सापडत नव्हता.

वास्तविक मी काय कमी उद्योजक आहे? खोक्यांच्या धंद्यात माणूस किती प्रकारे बुडू शकतो यावर मी तासभर बोलू शकतो. उदाहरणांसकट. माझी उत्तरं कधीची तयार आहेत, फक्त कुणी प्रश्न विचारत नाही.

सगळे त्यांच्याकडेच का जातात, तर आमच्या भागात हातात कागद घेऊन कुणी अनोळखी माणूस आला की कारखानदार आधी विचारतो, टॅक्सवाले का? नाही म्हटलं तर विचारतो, मग प्रदूषणवाले का? तेही नाही म्हटलं की शेठ स्वतःच सांगतात, शेठ बाहेर गेलेत. हिंदुराव मात्र पाहुण्याला पंख्याखाली बसवतात, विठाबाईंना दोन चहा सांगतात आणि विचारतात, "विषय काय आहे बाळा तुझा? आणि शेवटी काय निघायला पाहिजे?"

जे निघायला पाहिजे ते मग निघतंच. ज्याला यशस्वी उद्योजक हवा असतो त्याच्यासाठी हिंदुराव यशस्वी होतात. ज्याला घरच्यांचा विरोध हवा असतो त्याला ते सांगतात की बायकोने दोन महिने अबोला धरला होता. त्यांच्या बायकोने दोन तास अबोला धरला तरी बेलवलीत पेढे वाटतील, पण ते संशोधकांना कुठे ठाऊक.

एकदा भिंतीआडून ऐकून मला राहवेना. पाहुणा गेल्यावर मी जाऊन विचारलं, "हिंदुराव, तुमचा भागीदार माल घेऊन पळाला असं सांगितलंत त्या मुलाला. तुम्हाला भागीदार कधी होता?"

"अहो शरदराव, त्याचा विषयच भागीदारीतले तंटे आहे. उन्हातून आला होता पोरगा. घामाघूम. त्याला नाही कसं म्हणायचं?"

"मग पळाला कुठे भागीदार?"

"अजून ठरवलं नाही. पोरगा शुक्रवारी परत येणार आहे."

काही संशोधक छापील तक्ते आणतात. समोर एक विधान असतं आणि ते किती पटतं त्याप्रमाणे एक ते पाच आकड्यांपैकी एकावर खूण करायची असते. हिंदुराव डोळे मिटून सगळीकडे पाच देतात. "व्यवसायात मला मोठ्या अडचणी आहेत", पाच. त्याच्याच खाली "व्यवसायात मला कोणतीही अडचण नाही", पाच. मी म्हटलं, अहो, हे परीक्षेचे मार्क नाहीत. तर म्हणाले, "असू दे. एवढं टाइप करून आणलंय पोरांनी. मार्क कापणारा मी कोण?"

हे असंच चालायचं आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. माझा जळफळाट सोडला तर. मग श्रद्धा आली.

श्रद्धा रोकडे बदलापूरच्या कात्रपला आईवडिलांजवळ राहते आणि उल्हासनगरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे शिकवायचं पूर्ण आणि नोकरी अर्धवट. मे महिना आला की आपण प्राध्यापक आहोत की नाही हे तिचं तिलाच सांगता येत नसे. पीएचडी झाली असती तर त्याच कॉलेजातली कायमची जागा तिला मिळणार होती. विद्यापीठाने दिलेली मुदतवाढ शेवटची होती. हे सगळं तिने हिंदुरावांना पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि तिथेच घात झाला.

तिचं म्हणणं असं होतं की छोटा उद्योग परदेशात जातो तो पायरीपायरीने. आधी शेजारचा देश, मग जरा लांबचा, मग समुद्रापलीकडचा. नवी सून जशी आधी शेजारणीशी बोलायला लागते, मग गल्लीशी, मग अख्ख्या गावाशी भांडते, तसंच. या पट्ट्यातले बाकीचे उद्योग तिला मिळाले होते, पण पायरीपायरीने गेलेला एकही सापडत नव्हता. हिंदुरावांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि निर्यात सुरू केली. आधी नेपाळ. दोन वर्षांनी श्रीलंका. त्यानंतर मस्कत.

त्यांच्या मालाने जवळचा शीळफाटासुद्धा ओलांडलेला मी पाहिलेला नाही.

श्रद्धा तीन वर्षं येत राहिली. प्रश्न संपले तरी यायची, चहा प्यायची, विठाबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करायची. तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण अख्खं हिंदुरावांवर उभं होतं, आणि बाकीची प्रकरणं चौथ्यावर.

यंदा जानेवारीत ती पेढे घेऊनच आली. प्रबंध सादर झाला होता. "आणि काका, बाहेरचे परीक्षक आहेत ना, ते इतके खूश झालेत की त्यांना स्वतः तुमचा कारखाना बघायचाय! असं कुणी करत नाही. पंचवीस दिवसांनी येणार आहेत. तुम्ही फक्त नेपाळपासूनचे कागद काढून ठेवा."

ती गेल्यावर हिंदुराव माझ्याकडे आले. एकोणीस वर्षांत ते माझ्या गाळ्यात पहिल्यांदाच बसले. खोक्यावर बसले, खोकं खाली दबलं, तरी उठले नाहीत.

"शरदराव, आता?"

"आता काय? तिला खरं सांगा."

"छे छे. पेढे दिलेत तिने." मग म्हणाले, "पंचवीस दिवस आहेत. निर्यात करून टाकू."

मी कपाळाला हात लावला. पण माणूस पेटला होता. आम्ही दोघं त्यांच्या स्कूटरवरून उल्हासनगरला नारीशेठकडे गेलो. नारीशेठचं फर्निचरचं दुकान आहे, हिंदुरावांचे बूट ते घेतात, आणि त्यांचे नातेवाईक जगभर पसरलेले आहेत. हिंदुरावांनी त्यांना समजावून सांगितलं की निर्यात करायची आहे, पण क्रमाने. आधी नेपाळ.

"नेपाळमध्ये आपला कोणी नाही साईं," नारीशेठ म्हणाले.

"श्रीलंका?"

"नाही ना. टेनेरिफमध्ये भाचा आहे. स्पेनचा बेट आहे, आफ्रिकेच्या बाजूला. एकदम फर्स्ट क्लास. माझी मेहुणी परवाच चालली आहे, बाळाची छठी आहे तिकडे. बॅगेत चार किलो पापड कमी घालू, तुमचा माल घालू. बोलो."

"अहो पण आधी नेपाळ पाहिजे!"

"साईं, धंदा नातेवाईक असेल तिथे जातो. नकाशा बघून कोण जातो?"

मी आतापर्यंत उद्योजकतेवर ऐकलेलं हे एकच वाक्य मला समजलं. हिंदुरावांनाही दुसरा इलाज नव्हता. मी खास जाड पुठ्ठ्याचं खोकं केलं, वर मोठ्या अक्षरांत "एक्सपोर्ट क्वालिटी" छापलं. मेहुणीबाईंनी ते खोकं बॅगेत मावत नाही म्हणून विमानतळावरच फेकलं आणि दोनशे रबरी बूट साड्यांच्या घड्यांमध्ये कोंबले. भारताच्या परदेशी व्यापारातून मला असं वगळण्यात आलं.

पण माल पोचला. भाच्याने फोटो पाठवला. मागे निळाशार समुद्र, पुढे दुकानाबाहेरच्या चार खुर्च्या, त्यांच्या पायात अंबरनाथचे बूट, आणि खुर्च्यांवर उन्हाने लालबुंद झालेले दोन जाडजूड गोरे आइस्क्रीम खातायत. हिंदुरावांनी तो फोटो मला दिवसातून पाच वेळा दाखवला. बूट मोठे करून दाखवले. "बघा, आवाज होत नाहीये," म्हणाले. फोटोत कुठला आवाज, पण मीही मान हलवली. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटत होतं.

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी श्रद्धा तयारी बघायला आली. मीही होतो तिथे. हिंदुरावांनी आधी फोन पुढे केला.

"हे कुठलं काका?"

"टेनेरिफ! स्पेन! याच महिन्यात गेला माल. आपली पहिली निर्यात!"

आनंदाच्या भरात माणूस बोलून जातो. श्रद्धाने फोटोवरून नजर उचलली. "पहिली?"

विठाबाई चहा घेऊन आल्या.

"मग नेपाळ?" तिने विचारलं. "श्रीलंका? मस्कत?"

हिंदुराव हातातल्या फोनकडे बघत राहिले. सदतीस संशोधकांच्या हजारो प्रश्नांना ज्यांनी उत्तरं दिली, त्यांना हे साधे तीन प्रश्न झेपेनात.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तीन वर्षं, काका." आणि पर्स उचलून निघाली. विठाबाई मागून ओरडल्या, "चाय तं पिऊन जा गं पोरी!" पण ती थांबली नाही. त्या गाळ्यातून भरलेला कप परत गेलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"मला वाटलं मी तिला मदत करतोय," हिंदुराव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. मला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता, इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांना पकडलं म्हणून. झाला नाही. एका माणसाला नाही म्हणता येत नाही म्हणून तिची नोकरी जाणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षक आले. डॉ. अवधूत सरपोतदार, पुण्याचे, सोनेरी चष्मा, या विषयातलं मोठं नाव. बरोबर श्रद्धा, डोळे सुजलेले. मी भिंतीआडून ऐकण्याचा कंटाळा केला आणि सरळ दारातच जाऊन उभा राहिलो. परीक्षकांनी पाऊल आत टाकलं आणि हिंदुराव ओरडले, "अरे अवधूत! केस कुठे गेले तुझे?"

डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"तुम्ही... तुम्ही बंद पडला होतात ना?"

"हो, तुझ्यासाठी," हिंदुराव प्रेमाने म्हणाले. "तुला पंधरा बंद पडलेले कारखाने पाहिजे होते. चौदा मिळाले होते, पंधरावा मिळेना. रडकुंडीला आला होतास. बस, बस. विठाबाई, चहा!"

डॉक्टरसाहेब बसले. त्यांनी नंतर पंख्याच्या वाऱ्यात घाम पुसत सांगितलं ते असं, की हिंदुरावांचा कारखाना परदेशी बाजाराच्या नादाने कसा बुडाला यावर त्यांचा लेख सोळा वर्षांपूर्वी बाहेरच्या जर्नलमध्ये छापून आला होता. प्रबंधात नावं बदलून लिहितात, म्हणून श्रद्धाचं चौथं प्रकरण वाचताना त्यांना ओळख पटली नव्हती. त्याच लेखावर ते प्राध्यापक झाले. वर्गात अजून शिकवतात.

आता श्रद्धाला गप्प बसणं सोपं होतं. साहेब कात्रीत सापडले होते. त्यांनी सही केली असती आणि मुकाट्याने पुण्याला गेले असते. मी तर मनातल्या मनात तिला म्हणत होतो, बाई, तोंड उघडू नकोस. पण ती उभी राहिली.

"सर, माझं चौथं प्रकरण खोटं आहे. यांनी कधी निर्यात केलेली नाही. मला काल कळलं. मी पडताळून बघायला हवं होतं, बघितलं नाही. इथे कुणी मला खोटं सांगेल असं वाटलंच नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, हिंदुरावांकडे पाहिलं, चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "प्रबंध दुरुस्तीसाठी परत पाठवतो. सहा महिन्यांची मुदत. चौथं प्रकरण नव्याने लिहा. पण यांच्याकडून खरं मिळवून लिहा. नाही मिळालं तर मी नापास करीन."

"आणि तुमचा लेख, सर?"

"माझं छापून झालंय," साहेब म्हणाले आणि उठले. जाताना दाराशी थांबून त्यांनी चालू प्रेसकडे एकदा हळहळून पाहिलं.

म्हणजे आता सगळं एका गोष्टीवर आलं. हिंदुरावांनी एकदा तरी खरं उत्तर द्यायचं. श्रद्धा पुढच्या सोमवारी कोरी प्रश्नावली घेऊन आली. हसली नाही, पण चहा घेतला. मी आपला दारात.

"पहिला प्रश्न, काका. धंदा कसा चाललाय?"

हिंदुरावांनी सवयीने तोंड उघडलं. "तुला कसा..."

"खरा."

त्यांनी तोंड मिटलं. छताकडे पाहिलं. पंखा पाहिला. कपाळावर घाम आला. मला वाटलं बनवाबनवी करतायत, पण नाही, त्यांना खरंच जमत नव्हतं. एकोणीस वर्षांत इतके धंदे सांगून झाले होते की स्वतःचा कुठला तेच सापडेना. दहा मिनिटांनी ते रडवेले होऊन माझ्याकडे वळले.

"शरदराव, तुम्ही सांगा हो. भिंत एकच आहे. तुम्हाला जास्त माहीत."

श्रद्धाने मान वळवली. पेन माझ्याकडे रोखलं. "काका, सांगाल?"

एकोणीस वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघितली तो हा, आणि प्रश्न दुसऱ्याच्याच धंद्याबद्दल! पण पोरीचे सहा महिने चालू झाले होते. मी स्टूल ओढलं आणि बोलायला बसलो.

सगळं सांगितलं. प्रेस आठवड्यातून दोनच दिवस चालतो, सोमवारी आणि गुरुवारी. एरवी कुणी पाहुणा येणार असला तर रिकामाच चालवतात, चालू दिसावा म्हणून. आधी चार माणसं होती, आता एकट्या विठाबाई, आणि काम नसलं तरी त्यांना कधी येऊ नका म्हटलेलं ऐकलं नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, त्यांना बूट लागत नाहीत. निर्यात नाही, भागीदार नाही, जोखीम तर नाहीच. दुपारी तीननंतर स्कूटर निघेपर्यंत काही आवाज नसतो.

"काहीच नाही?" श्रद्धाने लिहिता लिहिता विचारलं.

"असतो," मी म्हणालो. खरं सांगायचं ठरलं होतं ना, मग सांगितलं. "कुणी संशोधक नसला की हे जुनी प्रश्नावली काढतात. स्वतःच मोठ्याने विचारतात, 'स्पर्धा वाढली आहे असं तुम्हाला वाटतं का?' आणि जरा थांबून स्वतःच सांगतात, 'हो, वाटतं.' असं रोज तासभर."

विठाबाईंचा रबर कापणारा हात थांबला. श्रद्धाचं पेनही थांबलं. हिंदुराव मात्र रागावले नाहीत, लाजलेही नाहीत. ते माझ्याकडे नुसते नवलाने बघत होते.

"एवढं सगळं ऐकू येत होतं तुम्हाला?" ते म्हणाले. "मग तेव्हा आलात का नाही कधी?"

श्रद्धा ऑगस्टमध्ये डॉक्टर झाली. आता ती कायम आहे, मे महिन्यातही. तिच्या प्रबंधात मी "शेजारी उत्तरदाता" या नावाने आहे, माझी बत्तीस उत्तरं आहेत आणि एकही खोटं नाही. पान एकशे बारावर हिंदुरावांचा तो प्रश्नही तिने जसाच्या तसा छापलाय. त्याखाली लिहिलंय, उत्तर दिले नाही.